उन्हाळ्यातील परसबाग : अडचणी, उपाय आणि एक कडू धडा

आमच्या सोलापूर जिल्ह्यात उन्हाळा म्हणजे ४२-४३ अंशांचे ऊन आणि चार दिवसांआड येणारे नळाचे पाणी. अशा दिवसांत परसात भाजी लावायची म्हटले की शेजारीपाजारी हसतात. "प्यायला पाणी पुरंना, अन् तुम्ही वेल कसले लावताय?" असे आम्हाला तोंडावर विचारणारेही आहेत. तरी गेली नऊ वर्षे घरामागच्या अर्ध्या गुंठ्यात संक्रांतीनंतर आम्ही बी टाकतो आणि मे अखेरपर्यंत दस्तरखानावर घरची भाजी येते, अल्हम्दुलिल्लाह.

या नऊ वर्षांत भाजी जितकी मिळाली, जवळजवळ तितक्याच चुकाही झाल्या. त्यांतली एक चूक अब्बांच्या जिवावर बेतली होती. ती लपवून ठेवण्यासारखी नाही. आपल्या वाचक घरांपैकी अनेकांकडे अंगणात, गच्चीवर चार कुंड्या तरी असतातच. त्यांना आमच्या चुकांचा उपयोग व्हावा, म्हणून हे लिहीत आहोत.

पाणी : थोडे, पण नेमाने

उन्हाळी भाजीची निम्मी दुखणी पाण्यामुळे असतात. नळ आला त्या दिवशी आळी तुडुंब भरायची आणि पुढचे तीन दिवस कोरडी ठेवायची, ही आमची पहिल्या दोन वर्षांची पद्धत. टोमॅटो लगडले, पण एकेकाचे बूड काळे पडून चामड्यासारखे होऊ लागले. आम्हाला वाटले रोग आहे. औषध आणून फवारले, काही फरक पडला नाही. पुढे कळले की हा रोग नव्हेच. पाणी कमी-जास्त झाले की मातीत कॅल्शियम असूनही ते फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही आणि बूड कुजते. याला उपाय एकच, थोडे पण नेमाने पाणी.

मग आम्ही माठ पुरले. कुंभाराकडचा पाच लिटरचा साधा माठ, रंग न दिलेला, दोन वेलांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरायचा आणि पाण्याने भरायचा. माठातून पाणी हळूहळू झिरपते आणि थेट मुळांना मिळते. वरून ओतलेले पाणी उन्हाने उडून जाते, तसे हे जात नाही. तोंडावर झाकण मात्र घट्ट हवे, नाहीतर भाजीआधी डासांचे पीक येते. वेलांच्या बुडाशी उसाचे पाचट चार बोटे जाड पसरतो. आपल्याकडे ते फुकट मिळते आणि बहुतेक लोक जाळून टाकतात.

दुसरा आधार वुजूच्या पाण्याचा. परसाच्या कडेला फरशीचा एक छोटा ओटा केला आणि त्याचे पाणी नळीने दुधीच्या आळ्याकडे वळवले. वुजूच्या पाण्यात साबण नसतो, त्यामुळे झाडाला ते बाधत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत असत, असे हजरत अनस (रजि.) यांच्याकडून हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे आजच्या मापाने पाऊण लिटरच्या आसपास. आपण नळ सोडून वुजू करतो तेव्हा अर्धी बादली सहज जाते. घरात लोटा ठेवल्यापासून टाकीतले पाणी वाचले, आणि जे सांडते तेही वेलाला मिळते. सहा माणसांच्या घरात दिवसाला दीड-दोन बादल्या अशाच जमतात.

पाणी द्यायची वेळ फजरनंतर लगेच किंवा असरनंतर. भर दुपारी पान मलूल दिसले तरी घाई करू नये. संध्याकाळी ते आपोआप ताठ झाले, तर मुळाशी ओल आहे असे समजावे. सकाळीही पान मान टाकून असेल तर मात्र पाणी खरोखर कमी पडले आहे.

फुले येतात, फळ का धरत नाही?

ही तक्रार आम्ही सर्वांत जास्त ऐकतो. टोमॅटोच्या बाबतीत कारण उष्णतेचे असते. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले आणि रात्रही तापलेली राहिली की टोमॅटोची फुले गळतात. म्हणून रोपे जानेवारीतच लावावीत, म्हणजे एप्रिल तापण्याआधी फळे धरून होतात. मार्चअखेर वर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी. जाळी नसेल तर जुनी सुती साडी किंवा ओढणीही चालते.

दुधी, काकडी, दोडका, कारले यांचे कारण वेगळे. या वेलांवर नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते, नर फुलाला नुसता देठ. नराचा पराग मादीपर्यंत पोचला नाही की ते इवले फळ पिवळे पडून गळते. गावात मधमाश्या कमी झाल्या आहेत, आणि आपणच सकाळी सकाळी औषध फवारून उरलेल्या मारतो. अशा वेळी हे काम हाताने करावे लागते. ताजे नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्याचा मधला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. काकडीची फुले सकाळी उमलतात, दुधीची पांढरी फुले संध्याकाळी. म्हणून आमच्या घरी मगरिबची नमाज झाली की मुले बॅटरी घेऊन दुधीच्या मांडवाखाली जातात. त्यांना हा खेळ वाटतो, आणि आम्हाला दुधी मिळतो.

कीड : आधी डोळे, मग औषध

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून सारे पान हळदीसारखे झाले, तर तो केवडा रोग. तो विषाणूचा आहे, पांढरी माशी तो पसरवते आणि झाड त्यातून बरे होत नाही. जीव जड करून ते झाड उपटावे, नाहीतर ओळच्या ओळ जाते. बी घेताना 'परभणी क्रांती' किंवा 'अर्का अनामिका' या जाती मागाव्यात, त्या या रोगाला बऱ्यापैकी तोंड देतात.

वांग्याचा शेंडा मान टाकतो तेव्हा आत अळी असते. शेंडा दोन बोटे खालून कापून जाळावा. हे रोज केले तर फळातली कीड निम्म्याने तरी घटते, हा आमचा अनुभव. मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्यासाठी लिटरभर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घालून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारावे.

कारल्यात आणि दोडक्यात अळ्या निघतात त्या फळमाशीच्या. फळ बोटाएवढे झाले की वर्तमानपत्राची पिशवी बांधावी. किडलेले फळ परसात पडू देऊ नये, दोन फूट खोल पुरावे. कृषी सेवा केंद्रात सापळा मागताना 'क्यू ल्युअर'चा मागावा. आंब्याच्या माशीचा सापळा वेगळा असतो, तो वेलांच्या भाज्यांना उपयोगी पडत नाही. आम्ही पहिल्या वर्षी तोच आणला होता आणि महिनाभर माश्या का पडत नाहीत म्हणून बघत बसलो होतो.

रासायनिक औषध वापरलेच, तर डब्यावर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे ते लिहिलेले असते. तेवढे दिवस भाजी तोडायची नाही. घरच्या भाजीचा सारा अर्थच त्यात आहे.

तो कडू दुधी

आता ती गोष्ट. तीन वर्षांपूर्वी कचऱ्याच्या खड्ड्यात एक दुधीचा वेल आपोआप उगवला. बी आम्ही टाकले नव्हते. न मागता मिळालेली नेमत म्हणून सगळ्यांना कौतुक वाटले, आम्ही तो मांडवावर चढवला. एप्रिलमध्ये नळाचे पाणी आठ दिवस आले नाही. बाकीचे वेल सुकले, हा तग धरून राहिला आणि त्याला पहिला दुधी लागला.

अब्बांना दुधी फार प्रिय. एका शिंप्याच्या घरच्या दावतीत प्रेषित (स.) ताटातून दुधीच्या फोडी शोधून खात होते आणि ते पाहिल्यापासून हजरत अनस (रजि.) यांना दुधी आवडू लागला, ही हदीस अब्बा आम्हाला लहानपणापासून सांगत आले आहेत. जुम्म्याचा दिवस होता. दालचा करायचे ठरले.

शिजताना आम्ही रस्सा चाखला. कडवट लागला. खरे तर तिथेच थांबायला हवे होते. पण एवढ्या कष्टाने जगलेल्या वेलाचा पहिला दुधी, त्यात पाव किलो गोश्त पडलेले, आणि बाहेर अब्बा जेवणाची वाट पाहत बसलेले. आम्ही चिंचेचा कोळ वाढवला, गुळाचा खडा टाकला. मुलांनी पहिल्याच घासाला तोंड वाकडे केले. "कडू आहे" म्हणत त्यांनी फोडी बाजूला काढल्या. आम्हीही दोन फोडींवर थांबलो. अब्बांनी मात्र मुलांनी काढलेल्या फोडीही आपल्या ताटात घेतल्या. म्हणाले, "नेमत है बाबा, फेको नक्को."

तासाभरात अब्बांना उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब, पोटात पीळ. मगरिबपर्यंत हातपाय गार पडले. दवाखान्यात नेले तेव्हा रक्तदाब खूप खाली गेला होता. डॉक्टरांनी सलाइन लावता लावता विचारले, "जेवणात काय होतं?" आम्ही सांगितले. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "दुधी कडू होता का?"

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला ठाऊक होते. जेवणाच्या आधीपासून ठाऊक होते. 'हो' म्हणताना मान वर झाली नाही.

अब्बा दोन रात्री दवाखान्यात राहिले आणि अल्लाहच्या कृपेने बरे होऊन घरी आले. डॉक्टरांनी समजावले ते असे : दुधी, काकडी, दोडका या कुळात कुकुरबिटासिन नावाचे कडू द्रव्य असते. खायच्या जातींत ते अगदी कमी असते. पण रानटी जातीशी संकर झालेल्या बियांत ते वाढू शकते, आणि कडक ऊन व पाण्याचा ताण यांनीही वाढते. आमच्या वेलाचे बी कुठले ते कळायला मार्ग नव्हता, आणि पाण्याचा ताण तर त्याने पुरेपूर सोसला होता. शिजवल्याने हे द्रव्य जात नाही. चिंच-गुळाने फक्त चव झाकली जाते, विष तसेच राहते. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसे दगावली आहेत आणि इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या तज्ज्ञ समितीनेही कडू दुधी खाऊ नये असे बजावले आहे.

त्या दिवसापासून आमच्या घरी नियम असा आहे :

चिरण्यापूर्वी प्रत्येक दुधीची दोन्ही टोकांकडची नखाएवढी कच्ची चकती जिभेवर ठेवून पाहायची. कडू लागली की थुंकायचे, चूळ भरायची आणि तो दुधी जमिनीत पुरायचा. जनावरालाही घालायचा नाही.

एक दुधी गोड निघाला म्हणून त्याच वेलाचा दुसराही गोडच असेल असे धरायचे नाही. एकही कडू निघाला तर वेल उपटायचा.

आपोआप उगवलेला दुधी, काकडी, दोडका ठेवायचा नाही. खात्रीचे बी आणायचे. काकडीचे टोक घासून फेस काढल्याने कडूपणा जातो यावरही विसंबायचे नाही.

कारले मुळातच कडू असते, त्याची गोष्ट वेगळी. त्याला हा नियम नाही.

अब्बांची समजूत घालणे सर्वांत अवघड होते. अन्न टाकणे म्हणजे इसराफ, हे त्यांनी आयुष्यभर पाळले आहे. शेवटी आमच्या मशिदीतल्या हाफिजसाहेबांनी त्यांना सांगितले की कुरआनमध्ये खाण्याचा हुकूम जिथे आला आहे, तिथे अन्न हलाल आणि तय्यब, म्हणजे शुद्ध व चांगले, असावे असे म्हटले आहे. जे शरीराला विष आहे ते तय्यब नाही, आणि ते टाकणे हा इसराफ नाही. जीव ही अल्लाहने सोपवलेली अमानत आहे, ती दुधीपेक्षा मोठी आहे. अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चखने का काम अब मेरा." तेव्हापासून घरातला प्रत्येक दुधी तेच चाखतात.

भाजी जास्त झाली तर?

मार्चपर्यंत एकेक भेंडी मोजून तोडतो आणि एप्रिल अर्धा झाला की टोपल्या भरतात. अशा वेळी पहिला वाटा शेजाऱ्यांचा. पीक काढण्याच्या दिवशी त्याचा हक्क द्या आणि उधळपट्टी करू नका, असा आदेश सूरह अल्-अनआममध्ये आहे. रस्सा शिजवताना पाणी थोडे जास्त घालून शेजाऱ्याची आठवण ठेवावी, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. आमच्या डावीकडे एक विधवा खाला राहतात, उजवीकडे वारकरी कुटुंब. दोन्हीकडे टोपली जाते. वारकरी काकूंच्या घरून परत येताना टोपलीत कधी शेंगाची चटणी असते, कधी ताकाचा तांब्या. ज्यांनी "वेल कसले लावताय" विचारले होते, त्या याच काकू.

आणि साळुंक्या, बुलबुल टोमॅटो फोडतात त्याचे काय? माणूस, पक्षी किंवा जनावर यांनी मुस्लिमाने लावलेल्या रोपाचे काही खाल्ले, तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका होते, अशी हदीस आहे. आम्ही निम्म्या फळांना जाळी बांधतो आणि निम्मी पाखरांवर सोडतो. मुलांचा दगड मारण्याचा हातही त्यामुळे थांबला.

वाटून उरते त्याचे हे काही प्रकार. सगळे आमच्या घरात दर वर्षी होतात.

भेंडी आणि गवार : भेंडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून मीठ घातलेल्या घट्ट ताकात तासभर ठेवावेत आणि कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवावेत. हातात खुळखुळले पाहिजेत. गवारीला आधी एक उकळी द्यावी, मग मीठ, जिरे, ताक लावून वाळवावी. पावसाळ्यात भाजी महागते तेव्हा तळून खिचडीबरोबर द्यावी. मुले पापड विसरतात.

भरली मिरची : एक किलो जाड हिरव्या मिरचीला उभी चीर द्यावी. १०० ग्रॅम मीठ, धणे-जिरे पूड, थोडी भाजलेली मेथी आणि हिंग एकत्र करून भरावे, रात्रभर ताकात ठेवावी, मग चार-पाच दिवस वाळवावी.

टमाट्याची चटणी : दोन किलो पिकलेले टोमॅटो बारीक चिरावेत. एक वाटी तेलात मोहरी, मेथीदाणे, दोन गड्डे लसूण आणि कढीपत्ता परतून टोमॅटो घालावेत. तिखट, हळद, मीठ आणि लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ टाकून तेल सुटेपर्यंत मंद आचेवर आटवावे. पाऊण तास सहज लागतो. फ्रिजमध्ये पंधरा दिवस राहते. ओला चमचा घालू नये.

कैरीचे अचार : झाड आपले नसले तरी या दिवसांत कैरी कुणाकडून तरी येतेच. एक किलो कैरीला २०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, ७५ ग्रॅम तिखट, हळद, मेथी, हिंग आणि पाव लिटर गरम करून पूर्ण गार केलेले तेल. कैरी पुसून कोरडी, बरणी उन्हात तापवलेली, आणि तेल फोडींच्या वर येईल इतके. रक्तदाब असलेल्यांनी फोड अर्धीच घ्यावी.

अंबाडी आणि पुदिना : उन्हाळ्यात मेथी-पालक लवकर फुलावर जातात, अंबाडी आणि तांदूळजा मात्र ऊन सोसतात. अंबाडी गोश्तात किंवा हरभऱ्याच्या डाळीत घालावी, उरली तर लसूण-मिरचीवर परतून चटणी करावी. पुदिना सावलीत वाळवावा, उन्हात काळा पडतो.

वाळवणावर लक्ष मात्र सतत हवे. वळीव सांगून येत नाही. असरची अजान झाली की आमच्या गच्चीवरची सारी सुपे, चादरी खाली येतात, आभाळ कितीही स्वच्छ असो. अर्धवट वाळलेले डब्यात भरले तर बुरशी येते, आणि बुरशी आलेले वाळवणही कडू दुधीसारखेच, टाकून द्यायचे.

शेवटी

मोठी जागा लागते असे समजून थांबू नका. एका कुंडीत पुदिना, एका जुन्या बादलीत मिरचीची दोन रोपे, खिडकीत येईल असा एक कारल्याचा वेल, एवढ्याने सुरुवात करा. दुधी लावलात तर चाखल्याशिवाय चिरू नका, आणि कडू लागला तर कितीही जीव तुटला तरी शिजवू नका. हे घरातल्या प्रत्येक माणसाला सांगा, स्वयंपाक करणाऱ्याला तर आधी.

या वर्षी आमच्या मांडवावर आतापर्यंत अकरा दुधी धरले. अब्बा रोज फजरनंतर काठी टेकत परसात जातात, मोजतात, आणि तोडलेल्या प्रत्येकाची चकती जिभेवर ठेवून सांगतात, "मीठा है, बिस्मिल्लाह करो." त्यांच्या तोंडून हे ऐकल्यावरच आमच्या घरी चूल पेटते.

अल्लाह आपल्या सर्वांच्या घरच्या अन्नात बरकत देवो. आमीन.